बेचक्यांतली ओल

जबलपुरात चिखल्या दोन वाटांनी आल्या. एक वाट शेतातल्या चिखलाची, दुसरी बुटाची. पहिली इतकी जुनी की तिचं वर्णन सुश्रुतसंहितेत सापडतं. दुसरी छावणी, रेल्वे आणि कारखाने यांच्यासोबत शहरात शिरली. दोघींची जागा मात्र एकच: पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांमधली बेचकी. पायाच्या बोटांमधली ही सर्वांत अरुंद फट. तिथे वारा लागत नाही, पुसणारा हात पोचत नाही, आणि सकाळच्या आंघोळीचं पाणी दुपारपर्यंत तसंच राहतं.

मी या शहरात एका धर्मार्थ दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टर आत चिठ्ठी लिहायचे आणि रोगी माझ्या खिडकीशी येऊन पुन्हा एकदा पाय दाखवायचा. "भैया, उंगलियाँ गल गई हैं, कुछ बढ़िया दवा दो." सिहोऱ्याकडच्या तळ्यांत शिंगाडा लावणारे ढीमर यायचे, रांझीहून सायकल मारत फॅक्टरीत जाणारे कामगार यायचे, दिवसभर साबणाच्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या धोबिणी यायच्या, ग्वारीघाटावर उतरलेले नर्मदेचे परिक्रमावासी यायचे. या सगळ्यांच्या पावलांवरून मी जो इतिहास शिकलो, तो इथे सांगतो आहे. तो कोणी लिहिलेला नाही, आणि माझ्यासारखी मलम घोटणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत.

आधी चिखलाचं बोलू. जबलपूर, पाटण, सिहोरा आणि पुढे नरसिंहपूरपर्यंतच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्याला 'हवेली' म्हणतात. हवेली म्हणजे वाडा नव्हे, ती शेतीची एक पद्धत आहे. काबर आणि मुंड या इथल्या भारी जमिनी. शेताला चारी बाजूंनी मातीचा रुंद बांध घालायचा, पावसाळाभर पाणी आत कोंडून ठेवायचं, आणि सप्टेंबर सरता सरता ते सोडून देऊन वाफशावर गहू पेरायचा. कोंडलेल्या पाण्यानं तण कुजतं, कांस नावाचं चिवट गवत मरतं, जमीन ओल धरते. ए. ई. नेल्सननं संपादित केलेल्या 1909 सालच्या जबलपूर जिल्ह्याच्या गॅझेटियरात या पद्धतीची नोंद आहे. जिल्ह्यात वर्षाला सरासरी 1,300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याचा मोठा भाग जुलै-ऑगस्टमध्येच. या दिवसांत बांध फुटला की तो बांधायला अनवाणी माणूस उतरायचा. बांधाखालच्या शेतांत भाताची लावणी चालायची. तळ्यांत शिंगाड्याची रोपं लावली जायची. त्या पाण्यात सडलेलं तण, जनावरांचं शेण-मूत, सगळं मुरलेलं असायचं.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर 1916 मध्ये जो मोठा ग्रंथ काढला, त्यात शिंगाडा पिकवणाऱ्या ढीमरांची नोंद आहे. हिरालाल मूळचे कटनीचे, म्हणजे तेव्हाच्या याच जिल्ह्यातले. उपवासाला शिंगाड्याचा शिरा आपण सगळेच खातो. ते फळ काढणाऱ्याचे हातपाय मी पाहिले आहेत. बोटांमधली कातडी पांढरीफटक, फुगलेली, चिमटीत धरली तर सुटून येणारी, खाली लालभडक मांस. खाज इतकी की रात्री माणूस खाटेच्या दोरीवर पाय घासत बसतो. हा विकार हलका समजणाऱ्यानं एकदा तरी तो पाय जवळून पाहायला हवा होता.

सुश्रुतानं याला 'अलस' म्हटलं आहे. निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात क्षुद्ररोगांमध्ये त्याची गणना आहे. दूषित चिखलाच्या संपर्कानं बोटांमधली जागा ओलसर होते, तिथे खाज, जळजळ आणि वेदना होतात, असं नेमकं वर्णन. 'क्षुद्र' म्हणजे किरकोळ, पण इलाज मात्र तपशीलवार दिला आहे. आंबवलेल्या कांजीनं पाय धुवायचे, मग कडुनिंब, तीळ, हिराकस, हरताळ आणि सैंधव यांचा लेप. लाखेचा रस आणि हिरडा हेही सांगितले आहेत. यातला हरताळ म्हणजे सोमलाचं संयुग, विषारी. घरी कोणी त्या वाटेला जाऊ नये. मला या नुस्ख्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो क्रम. आधी आंबट पाण्यानं धुणं, मग कातडी आखडवून कोरडी करणारा लेप. तुपातेलाचं मलम पहिल्या पायरीवर नाही. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

आमच्या घरात हा क्रम आजी पाळायची. ती कोकणातून लग्न होऊन इथे आली. आमच्या अंगणाला मेंदीचं कुंपण होतं. पावसाळ्यात कोणाच्याही पायाला चिखल्या झाल्या की ती आधी पाय धुवायला लावायची, जुन्या धुवट लुगड्याच्या चिंधीनं एकेक बेचकी टिपायची, आणि मेंदीचा ताजा पाला पाट्यावर वाटून बोटांच्या मधे भरायची. रात्रभर तो तसाच. सकाळी बोटं नारिंगी, कातडी आखडलेली, खाज निम्म्यावर. मेंदीत लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. कातडीतल्या केराटिनला ते घट्ट चिकटतं, म्हणूनच रंग चढतो. बुरशी याच केराटिनवर जगते, आणि प्रयोगशाळांत मेंदीच्या अर्कानं बुरशीची वाढ रोखली गेल्याचं दिसलं आहे. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला पाला ठाऊक होता आणि चिंधीनं टिपणं ठाऊक होतं. माझ्या मते गुण निम्मा चिंधीचाच होता.

तेलाबद्दल तिचा नियम कडक होता. कोणी पाण्यात उतरणार असेल तर आधी बोटांना खोबरेल चोळायची, म्हणजे पाणी कातडीत मुरत नाही. पाण्यातून आल्यावर मात्र बेचकीत तेलाचा थेंब नको. टाचांच्या भेगांसाठी कोकमतेल होतं, गावाकडून कोणी आलं की त्याची वडी यायची, पण तिचा आणि चिखल्यांचा संबंध नाही. ओल्या जागेवर तेल घातलं की ओल आत अडकते. हा भेद आजही कित्येकांना कळत नाही; बोटं कुजलेली असताना वर व्हॅसलीन थापून येणारे रोगी मी नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत पाहिले.

तिची दुसरी वस्तू शंखजिरं. भेडाघाटला संगमरवराबरोबर मऊ गोऱ्या दगडाच्या मूर्ती आणि डब्या कोरतात, त्या दगडाची भुकटी म्हणजेच शंखजिरं. घाटावर गेलं की कारागिरांकडून ती थोडी आणायची, वस्त्रगाळ करायची आणि शाळेत जाण्याआधी आमच्या बोटांत भुरभुरायची. पुढे मी कंपाउंडर झालो तेव्हा कळलं की सैनिकांना मिळणारी पायाची पावडर बहुतेक याच दगडाची असते, त्यात बोरिक ॲसिड किंवा झिंक ऑक्साइड घातलेलं. शंखजिऱ्यानं बुरशी मरत नाही. घर्षण कमी होतं, कातडी सोलवटत नाही, आणि बुरशीला आत शिरायला वाट मिळत नाही, एवढं काम ते करतं.

आता नाउनकाकीबद्दल सांगायलाच हवं. बुंदेलखंडी घरांत न्हाव्याची बायको सणासुदीला बायकांच्या पायांना महावर लावायला येते. आमची वस्ती मिश्र, त्यामुळे ती आमच्याकडेही यायची, आणि आई तिच्यासमोर पाटावर बसायची. आधी कोमट पाण्यात पाय, मग झाव्यानं टाचा घासणं, आपण ज्याला वजरी म्हणतो तीच. मग नहन्नीनं नखं काढणं, बोटं एकेक करून वेगळी करणं, पुसणं, आणि शेवटी कडेनं तांबडी रेघ. जुन्या काळी हा रंग लाखेचा. पळस, कुसुम, बोर या झाडांवर लाखेचे किडे पोसले जातात. सिवनी-बालाघाटच्या जंगलांतून ही कच्ची लाख यायची, ती पाण्यात धुतली की तांबडा रंग उतरायचा, कापसाचे पेळू त्यात भिजवून वाळवायचे, आणि लावताना तो कापूस ओला करून पिळायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग आले आणि लाखेचा रंग मागे पडत गेला. आज बाटलीत मिळणारा आलता हा बहुतेक कृत्रिम रंगच असतो.

सुश्रुताच्या अलसावरच्या उपायांत लाखेचा रस आहे आणि इथल्या बायकांच्या पायांवर लाखेचा रंग होता. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती वेळ. श्रावणात मेंदी, भाद्रपदात हरतालिकेला महावर. ऐन ओलीच्या दिवसांत घरातल्या प्रत्येक बाईची पावलं दुसऱ्या बाईच्या हातात जायची, उजेडात धरली जायची, बोटं फाकवून पाहिली जायची. नाउनकाकी आईला सांगायची, "बहूजी, यहाँ पानी पकड़ रहा है, सुखा के रखो." तिच्या नजरेतून सुरुवात सुटत नसे. पुरुषांच्या पायांकडे असं पाहणारं कोणी नव्हतं, आणि माझ्या खिडकीशी पुरुष जास्त यायचे. कौतुकासोबत दोषही सांगतो: तीच नहन्नी आळीतल्या सगळ्या घरांत फिरायची, न उकळता. नखांची बुरशी एका घरातून दुसऱ्या घरात नेण्याचं काम तिनं नक्की केलं असणार.

जबलपूर नर्मदेचं. परिक्रमावासी इथे ग्वारीघाट, तिलवाराघाट, लम्हेटाघाट असे मुक्काम करत जातात, आणि त्यांत मराठी माणूस नेहमी मोठ्या संख्येनं. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'पासून आपल्याकडे या वाटेचं वेड आहे. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड यांनी तर 1977 पासून टप्प्याटप्प्यानं ही वाट चालून ती हिंदीत आणली. परंपरेनं परिक्रमा अनवाणी, तीन वर्षं तीन महिने तेरा दिवसांची, आणि चातुर्मासात ती थांबवायची. आषाढी एकादशी आली की जिथे असाल तिथे आसन लावायचं, पावसाळा सरल्यावर पुन्हा चालायला लागायचं. शास्त्री याची कारणं धर्मात सांगतील: देव झोपतात, जीवजंतू पायाखाली येतात, नद्या-नाल्यांना पूर असतो. मी पायाकडे पाहणारा माणूस. अनवाणी चालणाऱ्यानं ओलीचे चार महिने पाय वाळवत बसावं, याहून चांगला नियम मला कोणत्याही वैद्यकाच्या पुस्तकात सापडलेला नाही. आपली पंढरीची वारी नेमकी उलट, ऐन ज्येष्ठ-आषाढात चिखलातून जाणारी. तिथल्या पायांना थांबायला सवड नाही, म्हणून वाटेवर पाय चेपणारे, मलमपट्टी करणारे, वहाणा शिवून देणारे सेवेकरी उभे राहिले. दोन्ही परंपरांनी पायाची काळजी घेतली. एकीनं विसावा दिला, दुसरीनं सेवा. आज परिक्रमा बसनं पंधरवड्यात होते. जे पायी जातात तेही बुटांत जातात, आणि घाटावर स्नान करून तसेच ओल्या पायांत मोजे चढवतात. माझ्या खिडकीशी आलेल्या परिक्रमावासींत अनवाणी चालणाऱ्यांच्या पायाला काटे आणि भेगा असायच्या. चिखल्या बुटवाल्यांना.

इथूनच दुसरी वाट सुरू होते.

1817-18 मध्ये जबलपूर भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेलं आणि छावणी पडली. 1870 साली मुंबईकडून येणारी जी.आय.पी. आणि कलकत्त्याकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे इथे जोडली गेली. 1904 मध्ये गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, 1942 मध्ये खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, 1969 मध्ये व्हेइकल फॅक्टरी. माझे वडील गन कॅरेजमध्ये लोहारखात्यात होते, आणि आमच्यासारखी कितीतरी मराठी कुटुंबं या नोकऱ्यांमुळे इथली झाली. शेतातून आलेल्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा बूट घातला तो या फाटकांच्या आत. जड चामड्याचा, जाड तळव्याचा, पायाला वाचवणारा. त्या बुटानं बोटं तुटण्यापासून वाचवली, यात शंका नाही. पण बंद बुटात घाम कोंडतो, आणि बुरशीला उष्ण, ओली, अंधारी जागा मिळते.

वैद्यकात हे उशिरा उमगलं. 1910 मध्ये अल्डो कॅस्टेलानी या इटालियन डॉक्टरनं, जो तेव्हा कोलंबोत काम करत होता, एका बुरशीचं वर्णन केलं. आज तिला ट्रायकोफायटन रुब्रम म्हणतात, आणि जगभर पायांच्या बोटांत होणाऱ्या बुरशीचं ती मुख्य कारण आहे. अभ्यासकांचं म्हणणं असं की आग्नेय आशियात ही बुरशी पूर्वीपासून होती, पण लोक अनवाणी, म्हणून ती अंगावर गजकर्ण करून राहायची, पायात क्वचित. बूट घालणारे शिपाई, खलाशी आणि वसाहतवाले तिथे गेले, तेव्हा तिला पाय सापडला, आणि त्यांच्याबरोबर ती युरोप-अमेरिकेत पोचली. बूट पसरला तशी बुरशी पसरली. चिखलातल्या चिखल्यांत ओल, जंतू आणि बुरशी यांची सरमिसळ असते आणि पाणी सोडलं की बहुतेकांना आपोआप आराम पडतो. बुटातली बुरशी उन्हाळ्यातही जात नाही. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही सारख्या दिसतात. मी रोग्याला विचारायचो, "मई में भी रहता है क्या?" उत्तर 'हो' आलं की ही बुटाची.

फौज हे फार मोल देऊन शिकली. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या पाण्यात इंग्रजी सैन्याचे हजारो पाय सडले. तेव्हा मोजे बदलणं आणि पाय कोरडे करून तपासणं हे हुकमाचं काम झालं, आणि त्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर टाकली गेली. छावणीतून निवृत्त झालेले जे सुभेदार-हवालदार आमच्या वस्तीत राहायचे, त्यांच्या पायांना मी चिखल्या जवळजवळ पाहिल्याच नाहीत. ते आंघोळ झाली की खाटेवर बसून बोटं पुसायचे, बूट उन्हात उपडे टाकायचे, आणि नातवंडांनाही तेच करायला लावायचे. कारखान्याच्या कामगाराला ही शिस्त कोणी शिकवली नाही. 1948 च्या कारखाने कायद्यात त्रेचाळिसावं कलम होतं: कामगारांचे कपडे ठेवण्याची आणि ओले कपडे वाळवण्याची सोय करायला लावणारे नियम राज्य सरकारांना करता येतील. कामगारांच्या वतीनं भांडणाऱ्या कितीजणांनी हे कलम कधी उघडलं असेल? पगार आणि बोनस यांच्यापुढे ओला मोजा कोणाला दिसला नाही. वडील पावसात भिजत जायचे आणि पाळी संपेपर्यंत त्याच बुटांत उभे राहायचे. आईनं नंतर एक सवय लावून दिली, डब्याच्या पिशवीत मोज्यांचा कोरडा जोड. त्या एका जोडानं जे काम केलं ते माझ्या कितीतरी मलमांनी केलं नाही.

तरी मलमाबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. लंडनच्या आर्थर व्हिटफील्ड या त्वचारोगतज्ज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे रूढ केलं. शंभर भागांत बेंझोइक ॲसिड सहा भाग, सॅलिसिलिक ॲसिड तीन भाग, बाकी मलमाचा आधार. सॅलिसिलिकनं कातडीचा वरचा मेलेला थर सुटतो, बेंझोइक बुरशीला रोखतं. चिठ्ठीवर डॉक्टर नुसतं 'उंग. व्हिटफील्ड' लिहायचे. आधी दोन्ही भुकट्या खलात इतक्या बारीक करायच्या की बोटांना कण लागता कामा नये. मग काचेच्या पाटीवर थोड्याशा व्हॅसलीनमध्ये स्पॅच्युलानं घोटायच्या, आठच्या आकड्यासारखा हात फिरवत, आणि थोडं थोडं व्हॅसलीन वाढवत न्यायचं. घाईत एकदम कालवलं तर खडे राहतात आणि रोग्याची कातडी भाजते. बेंझोइकची भुकटी नाकात गेली की शिंका थांबत नाहीत. तयार मलम पत्र्याच्या डबीत भरायचं, वर बटर पेपर. काही पैशांत महिन्याचं औषध. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही या साध्या मलमाला जागा मिळाली.

पण ओल्या, पाझरणाऱ्या बेचकीवर व्हिटफील्ड लावलं तर माणूस ओरडतो. म्हणून आमच्याकडे नियम होता: आधी लाल दवा. पोटॅशियम परमँगनेटला इथे सगळे लाल दवाच म्हणतात. 1890 च्या दशकात आग्ऱ्याच्या हँकिन या शास्त्रज्ञानं पटकीच्या साथीत विहिरींत हे टाकायला सुरुवात केली, आणि उत्तर हिंदुस्थानात गावोगाव विहिरीचं पाणी गुलाबी होऊ लागलं. म्हणून म्हाताऱ्या माणसांना ती नवी वाटायची नाही. पायासाठी प्रमाण दहा हजार भाग पाण्याला एक भाग, म्हणजे दहा लिटरला एक ग्रॅम. मी सांगायचो, पाणी फिकट गुलाबी हवं, जांभळं झालं तर ओतून द्या. खडा पूर्ण विरघळला पाहिजे, न विरघळलेला खडा कातडी जाळतो. दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवायचे, मग टिपायचे, बोटांत गॉजचा तुकडा ठेवायचा. नखं तपकिरी होतात, त्याला इलाज नाही. तीन-चार दिवसांत पाझर थांबला की मग मलम. आधी धुऊन आखडवणं, मग लेप: सुश्रुताचाच क्रम, आजीचाच क्रम. फक्त कांजीच्या जागी लाल दवा आली होती.

1958 मध्ये ग्रिसियोफुल्विन तोंडावाटे दिल्यानं गिनिपिगांचं गजकर्ण बरं होतं हे दिसलं, आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्या गोळ्या आमच्या कपाटात आल्या. ती गोळी स्निग्ध खाण्याबरोबर घेतली तरच नीट शोषली जाते. मी दूध किंवा तुपाच्या पोळीबरोबर घ्यायला सांगायचो आणि गरीब रोगी गप्प होऊन माझ्याकडे बघायचा. मग क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, पुढे टर्बिनाफिन. चांगली औषधं, न झोंबणारी, ट्यूबमध्ये. खल कपाटावर गेला. मला त्याचं दुःख नाही. दुःख दुसऱ्या गोष्टीचं आहे. ट्यूब आली तसा पुसण्याचा, वाळवण्याचा भाग गेला. खिडकीशी येऊन बोलणारा रोगी आता दुकानात जाऊन 'दाद की ट्यूब' मागतो, आणि त्याला अनेकदा असं मिश्रण मिळतं ज्यात बुरशीच्या औषधासोबत जंतूंचं औषध आणि तीव्र स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडनं दोन दिवसांत खाज आणि लाली दबते, माणूस खूश होतो, आणि आत बुरशी मोकळी वाढते. कातडी पातळ होते, डाग पसरतो, सोडलं की दुप्पट उलटतं. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी बरीच स्टेरॉइड मलमं अनुसूची 'एच'मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. विक्री थांबलेली नाही. त्याच काळात भारतभर टर्बिनाफिनलाही दाद न देणारं गजकर्ण पसरलं. त्यामागच्या बुरशीला जपानी संशोधकांनी 2020 मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव दिलं. आपल्या देशाचं नाव एका हट्टी बुरशीला लागलं, आणि त्यात आपल्या दुकानांतल्या या ट्यूबांचा वाटा आहे, असं मी जबाबदारीनं म्हणतो.

शहराची ओलही बदलली. जबलपूरला बावन्न ताल होते असं सांगतात. राणी दुर्गावतीचा रानीताल, चेरीताल, अधारताल ही नावं अजून आहेत, पण कित्येक ताल बुजवून त्यांवर वस्त्या बसल्या. जुलैत त्या वस्त्यांत गुडघाभर पाणी येतं आणि त्यात गटार मिसळलेलं असतं. शेतांत सोयाबीन आलं, हवेलीचे बांध मोडले, शेतातला चिखल कमी झाला. शाळेची पोरं त्या गटाराच्या पाण्यातून काळे बूट आणि नायलॉनचे मोजे घालून जातात आणि पाच तास तशीच बसतात. शाळांनी पावसाळ्याचे दोन महिने चपला चालवून घ्याव्यात. साधी हवाई चप्पल हे पावसाळ्यातलं उत्तम पादत्राण आहे, हे मी शंभरदा सांगेन.

घरी काय करायचं ते फार नाही, पण ते रोज करावं लागतं. पायासाठी वेगळा पंचा ठेवा आणि शेवटची बेचकी पुसल्याशिवाय मोजा चढवू नका. मोजे सुती, रोज धुतलेले. घरात कोणाला लागण असेल तर ते कडक गरम पाण्यात. बूट दोन जोड आलटून पालटून, म्हणजे प्रत्येकाला वाळायला एक दिवस मिळतो. पावसात भिजला तर आत वर्तमानपत्राचे बोळे. पायाला बुरशी असेल तर कपडे घालताना मोजे आधी, आतले कपडे नंतर, नाहीतर तीच बुरशी जांघेत जाते. क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिनचं साधं, एकाच औषधाचं मलम घ्या; ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा, त्यात बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही दिसलं तर परत करा. खाज गेली म्हणून थांबू नका, कातडी नीट दिसायला लागल्यावरही आठवडा-दोन आठवडे लावा. नखं जाड, पिवळी, ठिसूळ झाली असतील तर घरच्या उपायांवर वेळ घालवू नका, त्याला बहुधा पोटातून औषध लागतं. आणि नखं काढायचं हत्यार प्रत्येकाचं वेगळं.

मधुमेह असलेल्यांबद्दल वेगळं सांगतो, कारण त्यांच्याच पायांनी मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं. त्यांना बेचकीतली भेग कळत नाही, दुखत नाही, आणि त्या भेगेतून जंतू आत जाऊन पोटरीपर्यंत पाय सुजतो. तुमच्या घरात असं माणूस असेल तर आज रात्री त्याचे पाय उजेडात घ्या, बोटं एकेक करून फाकवून पाहा. ओल, वास, लाली किंवा चीर दिसली तर मेंदी वाटू नका, लाल दवा आणू नका, ट्यूब शोधू नका. त्याला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.